राजाची टेकडी आणि बायकोचा उकिरडा

३ जून
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या मोचे लोकांच्या राजाची कबर याच टेकडीत आहे. आयुष्य उत्खननात गेलंय, माती माझ्याशी बोलते. बायको माग्नोलियाही पुरातत्त्वज्ञच. तिचं म्हणणं, टेकडीत काही नाही. कबर असलीच तर पलीकडच्या उकिरड्याखाली. मी हसलो. ती हसली नाही.

९ जून
विश्वासघात! माग्नोलियाने उकिरडा खणायची वेगळी परवानगी काढली. मला न विचारता? तर म्हणे, विचारलं होतं, तू राजाचं चित्र काढत बसला होतास. संकल्प: कडक अबोला.

९ जून, संध्याकाळ
अबोला मोडला. मीठ कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं.

२१ जून
ती तंबू ठोकून तिकडेच राहायला गेली. खुशाल जा, असं मी म्हणायच्या आत गेली. तिचा भाऊ विल्मेर माझा मुकादम. छातीवर हात ठेवून म्हणाला, दाजी, मरेपर्यंत तुमच्याच बाजूला. असा एक माणूस पुरे.

२२ जून
विल्मेर तिकडे गेला. तिकडे दुपारी बदकाचा भात असतो म्हणे. सख्ख्या बहिणीसाठी गेला असता तर समजलो असतो. भातासाठी!

७ जुलै
सापडला! जाडजूड, राजबिंडं मांडीचं हाड. लगेच रेडिओवर मुलाखत. निवेदक विचारतो, तपासून घेतलंत का? म्हटलं, माझ्या नजरेला तपासणी लागत नाही. राजाचं नाव तात्पुरतं ‘आनीबाल पहिला’ ठेवलं. माझंच, पण योगायोगाने शोभतं.

१९ जुलै
प्रयोगशाळेचा निकाल: डुक्कर. डुकरं इकडे स्पॅनिश लोकांनी आणली, म्हणजे राजाचा काळ संपून कित्येक शतकं लोटल्यावर. प्रयोगशाळेत माग्नोलियाची मैत्रीण आहे. समजायचं ते समजलो. बाजारात मासेवाली भर गर्दीत ओरडली, काय डॉक्टर, महाराजांनी चरबी धरली का? मासे न घेता परतलो.

२८ जुलै, स्वातंत्र्यदिन
गाव झेंडे घेऊन उकिरड्यावर. तिथे कबर सापडली. राणीची. नाकात सोन्याचा दागिना, उशाशी सोन्याच्या सुया. मी घरीच. विल्मेर बोलवायला आला. दाजी, चला की, ताई वाट बघतेय. म्हटलं, बघू दे. गेला. पुन्हा आला नाही. निदान एकदा आग्रह करायला हवा होता त्याने.

३० जुलै
ठरलं. जायचं आणि चारचौघांत तिला माफ करायचं. भाषण पाठ.

३१ जुलै
खड्ड्यात उतरलो. राणी निजलेली. बोटांशी सूत कातायची चाती, आत्ताच हातातून सुटल्यासारखी. भाषण विसरलो. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे तिथे.
माग्नोलियाने विचारलं, काय सांगायला आला होतास? म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, नाही, आनीबाल. इथे काय सापडतंय, हे तू एकदा तरी विचारलंस? मी टोपीवरची धूळ झटकली. मग म्हणाली, माती चाळायला माणूस कमी आहे, यायचं तर उद्या ये. विचार करून सांगतो, असं ठणकावून आलो.

१ ऑगस्ट
सगळ्यांच्या आधी पोचलो. दिवसभर माती चाळली. मला मुद्दाम जुनी चाळणी दिली आहे. विल्मेर शिकवतो, दाजी, हळू, मणी फुटतील. दुपारी माग्नोलिया जवळून गेली. वाटलं, थांबेल. लग्नापासून कधी अहो-जाहो केलं नव्हतं तिने.
पुढची टोपली घ्या, म्हणाली.
घ्या.