डोळ्यांत टिपूस नसल्याच्या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
रोगप्रतिकारशास्त्र संशोधन संस्था.

विषय : शीतकक्ष सहायक यांच्याविरुद्धच्या चौकशी अहवालातील एक परिच्छेद रद्द करणे व त्यांच्या बडतर्फीच्या आदेशावर सही न करणेबाबत.

संदर्भ : सदर अहवालाचा शेवटून दुसरा परिच्छेद (लेखक : प्रस्तुत अर्जदार).

महोदय,

१. सुट्टीच्या काळात मोठ्या फ्रीजरचे दार उघडे राहिले आणि आतले पेशींचे नमुने वितळले, हे आपण जाणताच. सहायक बाईंचे म्हणणे असे की दार त्यांनी लावले होते, पण दाराचे रबर सैल झाले आहे आणि तसे त्यांनी तोंडी कळवलेही होते. कोणाला कळवले ते आम्हा वरिष्ठांपैकी कोणालाच आठवेना. पुरावा ना इकडचा, ना तिकडचा. अखेर आम्हा तिघांच्या समितीने सगळा भार माझ्या परिच्छेदावर टाकला. तो असा : "संबंधित महिला प्रत्येक प्रश्नाआधी पाणी पिऊन वेळ काढत होत्या. एवढे नुकसान होऊनही त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. सबब त्यांना पश्चात्ताप नाही, असे समितीचे मत झाले."

२. त्यांच्या हातात कायम पाण्याची बाटली असते. त्यावरून विभागात त्यांना 'बाटलीबाई' म्हणतात. हे नाव मी ठेवले. सगळे हसले होते, त्याही हसल्या होत्या, आणि मी स्वतःला विनोदी समजलो होतो.

३. माझे काम ट्रिम कुळातील प्रथिनांवर आहे. आपण माझी व्याख्याने सोसली आहेत, तरी थोडक्यात लिहितो, कारण माझा अपराध त्याशिवाय कळणार नाही. या कुळातली प्रथिने आपल्या पेशींमध्ये राखणदारी करतात. काही विषाणूला अडवतात, काही धोक्याची आरोळी ठोकतात. एकात बिघाड झाला तर माणसाला विनाकारण वारंवार ताप येतो. ट्रिम-एकवीस हे माझे खास. प्रतिपिंड चिकटलेला विषाणू पेशीत घुसला, तर ते त्याला पकडून त्याची विल्हेवाट लावायला पाठवते. काही माणसांचे शरीर मात्र या राखणदारावरच उलटते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती ज्या आजारांत सापडतात, त्यांपैकी एकात अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथी सुकत जातात. तोंडाला कोरड पडते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि रडू आले तरी पाणी येत नाही. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवत आलो आहे. समितीच्या टेबलापलीकडे ते प्रत्यक्ष बसले होते, तेव्हा मी त्याला निर्ढावलेपणा म्हटले.

४. अजून एक आहे, आणि ते लिहायची लाज वाटते. तुलनेसाठी निरोगी माणसांचे रक्त हवे होते, म्हणून आम्ही संस्थेतल्याच कर्मचाऱ्यांकडून ते घेतले. नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. त्यांतल्या एका निरोगी नमुन्यात ट्रिम-एकवीसविरुद्धची प्रतिपिंडे भरमसाट निघाली. माझा आलेख बिघडत होता. मी म्हणालो, "नमुना खराब झालाय, काढून टाका." हे चौकशीच्या आधीचे. माझ्या संशोधक विद्यार्थिनीने मला न विचारता तपासणी पुन्हा केली. निकाल तोच आला. मी तिला आधी झापले आणि मग नियमाप्रमाणे तो क्रमांक संस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवला; नावांची यादी फक्त त्यांच्याकडे असते. त्यांनी त्या व्यक्तीला बोलावले, पापणीखाली कागदाची पट्टी ठेवून पाहिली, ती कोरडीच निघाली. बाकीच्या तपासण्यांनंतर आजाराचे निदान पक्के झाले.

५. ती व्यक्ती कोण, हे मला डॉक्टरांनी सांगितले नाही. काल बाई स्वतः माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनीच सांगितले. आणि महोदय, त्या आभार मानायला आल्या होत्या. "सर, तुमच्या संशोधनामुळे माझं दुखणं सापडलं. सासूबाई आजवर मला दगड म्हणायच्या, काल पहिल्यांदा जवळ बसल्या." बोलता बोलता त्या क्षणभर खिडकीकडे वळल्या. परत वळल्या तेव्हा गालावरून पाणी ओघळत होते. मला हायसे वाटले. वाटले, सुटलो, बाई मोकळ्या झाल्या. मी रुमाल पुढे केला. त्या म्हणाल्या, "रडत नाहीये सर. औषधाचे थेंब घातलेत, जरा जास्त पडले."
अहवालाला तिघांच्या सह्या आहेत. तो परिच्छेद माझा, हे बाईंना ठाऊक नाही. तेव्हाही माझ्याने सांगवले नाही. मी त्यांना चहा विचारला.

६. सबब विनंती की,
(अ) सदर परिच्छेद रद्द करावा व आदेशावर सही करू नये. दार कोणी उघडे ठेवले ते मला आजही माहीत नाही. अहवालात एवढेच एक वाक्य असायला हवे होते.
(आ) दाराचे रबर तपासावे. हे आधी कोणाला सुचले नाही, मलाही नाही.
(इ) माझी चौकशी करावी. समितीने माझा चेहरा नीट पाहावा व त्यावरून काय वाटते ते लिहावे.
(ई) यापुढे मला कोणत्याही समितीवर घेऊ नये. शिपायांच्या गणवेशाचा रंग ठरवणाऱ्या समितीवरही नको.

७. या अर्जाची प्रत आपल्या टपालातून बाईंना पाठवावी, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. प्रत मी स्वतः नेऊन देईन आणि त्या वाचेपर्यंत समोर उभा राहीन.

८. हा अर्ज लिहिताना माझ्या डोळ्यांना धार लागली आहे. वरची शाई पसरली आहे, ती त्यामुळेच. माझ्या अश्रुग्रंथी उत्तम आहेत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. पश्चात्तापाचा पुरावा म्हणून त्याची नोंद होऊ नये.

आपल्या सहीच्या आधी हा अर्ज पोहोचावा, या आशेने,

आपला नम्र व अपराधी,
(सही)
वरिष्ठ शास्त्रज्ञ, ट्रिम प्रथिने विभाग
दिनांक : आज, कार्यालय उघडताच

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला व तो जोडण्यास बाईंची लेखी संमती. ती देताना त्यांनी मला कारण विचारले नाही.
२) मी काढून टाकलेला नमुना धरून नव्याने काढलेला आलेख.