नऊ विहार आणि माझा शांत स्वभाव

११ एप्रिल, उदोन

उद्या बँकॉकला. सोंगक्रानची सुट्टी, वखार बंद. बायकोची, बुआलोयची, अट अशी: नव्या वर्षाच्या तीन दिवसांत बँकॉकचे नऊ विहार बघायचे, आणि नऊ पुरे होईपर्यंत मी कोणावर हात उचलायचा नाही. उचलला तर ती तिथेच, थोनबुरीत, तिच्या ताईकडे राहणार. कायमची.

हसलो. मुळात मी शांत माणूस. बॉक्सिंग सोडून अकरा वर्षं झाली. घरात तर मी हात उचलतच नाही. कपाटाचं दार वेगळं, ते आधीच ढिलं होतं.

भन्तेजींनी उजव्या मनगटाला पांढरा धागा बांधला. म्हणाले, "बुनमा, राग आला की याच्याकडे बघ."

बुआलोय म्हणाली, "भन्ते, जरा जाड दोरी नाही का?"

सगळे हसले. मीही. थोडा उशिरा.

१२ एप्रिल, ट्रेन

समोरच्या माणसाने पाय माझ्या तोंडासमोर ठेवले. तळवे माझ्याकडे! आईबापांनी काही शिकवलं नसणार. मी त्याचा अंगठा धरून फक्त बाजूला वळवला. आवाज झाला. अंगठे आजकाल कमकुवत असतात.

बँकॉक अजून आलं नव्हतं, म्हणजे हे धरायचं नाही. बुआलोय खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसती शेतं.

१३ एप्रिल, दुपारी ४

विहार तीन. उत्तम प्रगती.

पहिल्यात मेणबत्ती लावली, दुसऱ्यात मूर्तीला सुगंधी पाणी घातलं. तिसऱ्याच्या दारात एका जाड्याने मागून माझ्या मानेवर बर्फाचं पाणी ओतलं. सोंगक्रानमध्ये पाणी पडलं तर रागवायचं नसतं, हे मला कळतं. पण बादलीभर? शिवाय म्हणाला, "नवं वर्ष सुखाचं जावो, काका!"

काका. मी चव्वेचाळीस वर्षांचा.

डाव्या हाताने एकच. तो बादलीवर बसला, बादली चेपली. तोंडातून थोडं रक्त. दात आधीपासून हलत असावा.

बुआलोयला समजावलं: धागा उजव्या मनगटाला आहे. डाव्या हाताने काही शपथ घेतलेली नाही.

ती म्हणाली, "म्हणजे अर्धा नवरा सुधारलाय. कुठला अर्धा घरी नेऊ?"

मग म्हणाली: सण आहे म्हणून हे एक माफ. बघा. समजूतदार बाई आहे. आमचं छान जमतं.

१४ एप्रिल, सकाळी ७

संकल्प: दोन्ही हात खिशात. दहा आकडे मोजणे. कोणी काका म्हटलं तरी हसणे.

१४ एप्रिल, संध्याकाळी ६

विहार सहा. हात दिवसभर खिशात होते, हे आधी नमूद करतो.

सकाळी टुकटुकवाला म्हणाला, "आज विहार बंद आहे साहेब, चला, रत्नांचं दुकान दाखवतो." ही थाप परदेशी लोकांना मारायची! मला? उदोनच्या माणसाला? तेही इंग्रजीत! आठपर्यंत मोजलं. मग गुडघा. तो स्वतःच्याच टुकटुकमध्ये आडवा झाला, डोकं मागच्या सीटवर, पाय हँडलवर. बुआलोयने त्याच्या नाकाखाली बाम लावला. मला डास चावतात तेव्हा मागून घ्यावा लागतो.

दुपारी होडीच्या धक्क्यावर एकजण रांग मोडून पुढे घुसला. मी खांद्याने जागा घेतली. तो नदीत पडला. आज तसेही सगळे ओलेच होते. लोकांनी दोर टाकून वर काढला, तेव्हा त्याची हनुवटी फुटलेली दिसली. धक्का लाकडी आहे, त्याला मी काय करणार?

जेवताना मेहुणीला, चंपाताईला, नियम समजावून सांगितला: गुडघा म्हणजे हात नव्हे, खांदाही नव्हे. ती भाताचा गोळा मळत म्हणाली, "बरोबर आहे जावईबापू. उद्या डोक्याने मारा. ते तसंही कशाला वापरता?"

बुआलोय हसली नाही. म्हणाली, "उद्याचे तीन विहार. कोणाला तुझं नख जरी लागलं, तरी मी इथेच."

ती दमलीय. शहरातलं ऊन.

१५ एप्रिल, दुपारी १

आठ झाले! कोणाला काही नाही! चंपाताई पंचासारखी सोबत फिरतेय. एका म्हातारीने सणाची ओली पावडर गालाला लावताना माझ्या डोळ्यात कोंबली, मी हात जोडले. एका पोराने कानात पिचकारी मारली, तरी हसलो. इतका हसलो की पोरगं रडत पळालं. टुकटुकवाले पाच दिसले. पाचही जिवंत.

मी बदललोय. लोक उगाच म्हणतात माणूस बदलत नाही.

१५ एप्रिल, दुपारी ४

नववा. नदीकाठचा छोटा विहार. घंटा वाजवली. बुआलोयने फुलं वाहिली आणि माझ्याकडे बघून हसली. या सहलीत पहिल्यांदा. म्हणाली, "झालं की रे, बुनमा." तिच्या गालावर पांढरी पावडर वाळली होती. पुसावी म्हणून मी हात वर केला.

ती झटकन खाली वाकली. कोपर वर, हनुवटी आत, गाल खांद्यामागे, दुसरा हात पोटावर. एका क्षणात. फुलांचं ताट पडलं. लोक बघायला लागले.

मी म्हणालो, "अगं, पावडर."

ती हळूहळू सरळ झाली. म्हणाली, "हो. पावडर." मग माझ्याकडे न बघता ताईला म्हणाली, "ताई, माझी बॅग तुझ्याकडेच असू दे."

मी म्हणालो, पण मी कोणाला मारलेलं नाही! नऊ झाले! चंपाताई एरवी टोमणा मारते. आज ती खाली बसून सांडलेली फुलं ताटात भरायला लागली.

तिचा तो गार्ड, ठोसा अडवायचा पवित्रा, अगदी बिनचूक होता. असा गार्ड अंगात भिनायला आम्हाला तालमीत वर्ष लागायचं. रोज मार खाऊन.

१६ एप्रिल, संध्याकाळची ट्रेन

आठवड्याभरात येईल ती. घरी तिच्या कोंबड्या आहेत. अट मी पाळली, हे तिला शांतपणे पटवून द्यावं लागेल.

घरात किती वेळा, ते एकदाचं लिहून टाकावं म्हटलं, म्हणजे कुणी वाढवून सांगायला नको. कपाटाचं दार, तेव्हा ती दारासमोर उभी होती. भाताचं पातेलं. तिच्या आईच्या श्राद्धाचा दिवस. पाच मिनिटांत यादी होईल असं वाटलं होतं.

डब्यातला कर्मचारी अंथरूण घालायला आला. विचारलं, खालचा बर्थ कोणाचा? सांगितलं, बायको मागून येतेय. तो म्हणाला, गाडी सुटून तास झाला. तरी त्याने चादर नीट घातली, उशी ठेवली, पडदा ओढला.

मी अजून लिहितोय. दुसरं पान.