थोरलीला बघायला पाहुणे

॥ श्री ॥
उपग्रह केंद्र, टेकडी वसाहत
४ जानेवारी १९८२

ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

डिंकाचे लाडू पोचले. डबा उघडला आणि अर्ध्या तासात तळ दिसला, त्यामुळे माझ्या वाट्याला किती आले ते विचारू नकोस.

आता मोठी बातमी. सोळा तारखेला दिल्लीहून पाहुणे बघायला येणार आहेत. नाव पत्रात लिहायला सक्त मनाई आहे, पण ते ऐकून बाबा खुर्चीत सरळ होऊन बसतील. मीच पुढे होऊन बोलायचं, काठापदराची साडी नेसायची आणि घाबरायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. थोरली त्यांच्या मनात भरली, तर धाकटीचंही लगेच होऊन जाईल आणि माझं कायमचं इथलंच ठरेल. नाहीतर मार्चअखेर दोन वर्षांची मुदत संपते आणि ठरल्याप्रमाणे मी परत वाशीला. आई, मला हे फार फार हवं आहे. देवापाशी माझ्यासाठी दोन शब्द बोल.

बाबांना नमस्कार, मीनाला पापा. लोभ आहेच, सोळा तारखेपर्यंत थोडा जास्त असू दे.

तुझी,
नंदिनी

॥ श्री ॥
वाशी, नवी मुंबई
१३ जानेवारी १९८२

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं. शुभशकुन म्हणून पुसताना मुळीच चिडले नाही. दोन वर्षं मी स्थळं सुचवतेय तर नाक मुरडत होतीस, आणि आता परस्पर पाहुणे ठरवून मोकळी! लबाड कुठली. तुझे साहेब मध्यस्थ म्हणजे भला माणूस दिसतो. पण नाव सांगायला मनाई, हे कसलं गं घराणं? आणि मीना कालपासून धुसफुसतेय. माझं अजून बी. कॉम. व्हायचंय, धाकटीचं त्याच घरात जमवणारी ताई कोण, असं म्हणत दुपारी जेवलीसुद्धा नाही.

मोरपंखी साडी पाठवतेय. पोह्यांत मीठ एकदाच घाल. विचारलं तेवढंच बोल. उपग्रहांबद्दल तर चकार शब्द काढू नकोस, लोक घाबरतात.

करावे गावची शेवंताबाई सकाळी कोलंबी घेऊन आली. तिला जिन्यातच सांगितलं, म्हणजे आता अख्ख्या सोसायटीला कळलंय. म्हणाली, बरा झाला बाय, पोर सदानकदा आभालाकरं बघते, आता जरा घराकरं बघंल.

मुलीकडचं मोठं माणूस हवं, म्हणून तुझे बाबा उद्या ऐन संक्रांतीला निघताहेत. पत्रिका, नारळ, साडी त्यांच्यापाशी आहे. हे पत्रही त्यांच्याच हाती देते, पोस्टाआधी पोचेल. लोभ आहे, पण पदर नीट पिन कर.

तुझी आई

॥ श्री ॥
उपग्रह केंद्र, टेकडी वसाहत
१७ जानेवारी १९८२

सौ. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आधी मुख्य गोष्ट, मग हवं तितकं हस. कुणाचंही लग्न ठरलेलं नाही. थोरली म्हणजे इथली आभाळाकडे तोंड केलेली तबकडी, आपल्या इमारतीच्या गच्चीएवढी रुंद. उपग्रह वरून जो निरोप धाडतो तो ती ऐकते. धाकटी म्हणजे तिच्या शेजारी उभारायची दुसरी. इथल्या लोकांनी लाडानं ठेवलेली नावं! आणि पाहुणे म्हणजे देशाचे फार मोठे नेते.

हे मला काल सकाळी फाटकावर कळलं. पोलिसांनी अडवलं, तर मी ठणकावून सांगितलं की मी मुलीचा बाप आहे आणि पाहुणे माझ्याच मुलीला बघायला येताहेत. त्यांनी नारळ कानाशी हलवून पाहिला, पत्रिका उलटी धरून तपासली. तेवढ्यात नंदिनी धावत आली. तिनं तिथेच तुझं पत्र वाचलं आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांनी मला कोपऱ्यात एक खुर्ची दिली.

मोरपंखी साडी नेसून ती सगळ्यांपुढे उभी राहिली. उपग्रहांबद्दल बोलू नको असं तू लिहिलं होतंस, तर ती नेमकं तेवढंच बोलली. पाहुण्यांनी मध्येच विचारलं, उपग्रह दिसेनासा झाला की तुम्ही काय करता. ती म्हणाली की तो पुन्हा केव्हा नि कुठून उगवणार हे आम्हाला ठाऊक असतं, आम्ही तिकडे तोंड करून वाट बघतो. वैजयंती, मला गॅलरीत पोस्टमनची वाट बघणारी तू आठवलीस आणि माझे डोळे भरून आले. आपली मुलगी काय काम करते, हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पाहुण्यांनी धाकटीला तिथल्या तिथे मंजुरी दिली. जागेवर नारळ फोडू या म्हणाले, तर अख्ख्या केंद्रात नारळ नाही! सगळे माझ्या पिशवीकडे बघू लागले. वाशीचा नारळ असा कामी आला.

आता नंदिनीला कायम करणार, असं साहेब म्हणाले. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली, कारण मार्चची मुदत आपण घातलेली. मी पत्रिका पिशवीत ठेवली आणि होकार दिला. तुला न विचारता दिला. लोभ आहे तो रागातही असू द्यावा.

तुझा,
श्यामसुंदर

॥ श्री ॥
वाशी, नवी मुंबई
२४ जानेवारी १९८२

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

रागावले, पण एकच दिवस. तुझ्या बाबांनी प्रसाद म्हणून परत आणलेल्या त्या नारळाच्या वड्या केल्या, निम्म्या पाठवतेय. या वेळी डबा लपवून उघड. मीना खूश आहे, दोनदा जेवते. तू जवळ नसशील याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण तू पाहुण्यांपुढे कशी उभी राहिलीस ते बाबांकडून चार वेळा ऐकलं, तरी पोट भरत नाही.

काल शेवंताबाईनं विचारलं, पोर कंच्या घरी दिली. मी वर बोट दाखवणार होते, पण ते अभद्र दिसलं असतं. म्हणून सांगितलं की सरकारी घर आहे आणि पोरीला दोन जावा आहेत, एक थोरली, एक धाकटी. मग भांडनं व्हनार बाय, असं म्हणून ती हळहळली. मी म्हटलं, अजिबात नाही. दोघी दिवसभर आभाळाकडेच तोंड करून असतात, आणि आमची नंदिनी त्यांच्या मधोमध.

लोभ आहे; इथेही दोघं तिकडेच तोंड करून बसलोय, एवढं लक्षात असू दे.

तुझी आई