लेकीनं बापाचा बॉयलर बंद केला

३ मार्च, सोमवार
लिही वं प्राची. हात काहून थांबला? तुह्याच कारभाराचं आहे, तरी लिही.
आज माह्या नातीनं माह्या पोराचा बॉयलर बंद केला. सुताच्या रंगाईचा कारखाना. सुधाकर जवानीपासून तिथं बॉयलरवर. ही सेफ्टी ऑफिसर होऊन आताच लागली. साऱ्यांसमोर म्हणे, "ज्याच्याकडं सर्टिफिकेट नाही, त्यानं बॉयलरले हात लावायचा नाही." बापाले!

४ मार्च, मंगळवार
सुधाकर जेवला नाही. "माय, मी नुसत्या आवाजावरून सांगतो आत वाफ किती आहे. अन् ही मले शिकवते."
म्हटलं, "बरोबर आहे गा. मी कोणत्या शाळेत गेली होती? अर्ध्या मोहल्ल्याची नाळ मी कापली." प्राचीले ऐकू जाईल असं बोलली. अन् तेच आता तिच्याकडून लिहून घेऊन राहिली. मजा आहे.

६ मार्च, गुरुवार
प्राचीले विचारलं, एका कागदापायी बापाले घरी बसवते?
"आजी, कागद राहू दे. बाबांनी सेफ्टी वॉल्वच्या दांडीले लोखंड बांधलं होतं. जोर वाढला तर वाफेले निघायले रस्ताच नाही. फुटला असता बॉयलर."
मी हसली. म्हटलं, माहा सुधाकर?
त्यालेच विचारलं. "हो. वॉल्व उघडला की वाफ वाया जाते. माह्या उस्तादानंच शिकवलं. आजवर झालं काय काही?" कढीत मीठ टाकल्यासारखं बोलला.
बॉयलरच्या भिंतीपलीकडं पोरी सूत रंगवतात. त्यातल्या दोघी माह्याच हातानं जन्मलेल्या. पुढं नाही सांगवत.

९ मार्च, रविवार
मालक म्हणते, सरकारी परीक्षा पास हो, नाही तर गेटवर वॉचमन.
प्राची म्हणाली, "बाबा, मी शिकवते."
"पोरीपुढं पाटी घेऊन बसू? गेट बरं."
म्हटलं, "मी नाही बसत तिच्यापुढं रोज?"
"तू सांगते, ती लिहिते. मले तर तिचं ऐकावं लागंल."

दोघंही माहेच. कोणाची बाजू घेऊ? अन् ते लोखंड...
थांब. अंगणातून काय विचारून राहिला सुधाकर?
"त्या परीक्षेत वॉल्वचं विचारतात काय?"
जाय वं, सांग त्याले. राहू दे लिहिणं.