आम्ही रस्त्याची जाडी मोजली

माय, आमच्या गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला आणि परवाच्या पावसात समोरच्या ओळीतल्या घरांमध्ये पाणी शिरलं. माझ्या घरात नाही शिरलं, आमची ओळ जरा चढावर आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की ही गल्ली तू पाहिलीसुद्धा नाहीस. तरी तुला सांगत बसले आहे, कारण नीट विचार करायला गेलं की माझं मन दोन्हीकडे पळतं, आणि असं झालं की तू मला समोर बसवून म्हणायचीस, "पहिल्यापासून सांग वं, मधातून नको सांगू." म्हणून पहिल्यापासून सांगते.

हे गेल्यावर माझ्या सकाळी रिकाम्या झाल्या. यांना हिंगण्याची कंपनीची बस पकडायची असायची, त्यामुळे डबा उजाडायच्या आत व्हायचा. मला अजून त्याच वेळी जाग येते, आणि डबा कोणाचाच करायचा नसतो. मग मी पेपर वाचते. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं वाचन मी पुड्यांच्या कागदांवर शिकले, तू लकडगंजच्या गोदामात मिरचीचे देठ खुडून यायचीस तेव्हा मिरची बांधून आणायचीस त्या पुड्यांच्या. वाचता वाचता शिंका यायच्या आणि तू हसायचीस. तर पेपरात आलं की महापालिकेच्या कामांवर नागरिकांनी स्वतः नजर ठेवावी. गल्लीत पोस्टातून रिटायर झालेले एक भाऊजी आहेत, ते म्हणाले, "वहिनी, आपणही गट करू." पाच-सहा जण जमलो. बंद पडलेले दिवे लावून घेतले, कचऱ्याची गाडी रोज यायला लावली. झोन ऑफिसात आम्ही दिसलो की बाबू म्हणायचे, "आले पहा निगराणीवाले." मला ते आवडायचं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझी दखल घेत होतं.

रस्त्याचं काम निघालं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कामाची पाटी लागली. मीच ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तिच्यावर जाडी लिहिलेली होती. चोरी होते ती जाडीतच, हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून आम्ही जाडीच्या मागे लागलो. रोज सकाळी भाऊजी टेपचं एक टोक धरायचे आणि मी दुसरं. आकडा मी वाचायची, त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही. कामावरची पोरं आपसात म्हणायची, "हट बे बाजूले, इंजिनिअर काकू आल्या." एका ठिकाणी कमी भरलं तर मी तिथेच खुर्ची टाकून बसले आणि भर घालून घेतल्यावरच उठले.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. काम सुरू होताना ठेकेदाराच्या माणसाने विचारलं होतं, "काकू, खालचा डांबरी खोदू का? खोदला तर नळाच्या लाइनी फुटतीन, धूळ होईन, गाड्या बाहेर ठेवा लागतीन. पहा तुमी." भाऊजी म्हणाले, "राहू दे गा. पण वरची जाडी पुरी पाहिजे." सगळ्यांना बरं वाटलं. खोदाईचे पैसे कामात धरलेलेच होते आणि ती वाचल्याने ठेकेदाराचंच भलं झालं, हे आम्हाला मागाहून कळलं. जाडी मात्र त्याने पुरी दिली, सूतभर कमी नाही. जुन्या रस्त्यावर नवा रस्ता बसला आणि समोरच्या घरांच्या ओट्यांपेक्षा उंच झाला. आता पाणी वाहून जाणार कुठे? मी रोज तिथेच उभी असायची. मला ते दिसत होतं की नव्हतं, हे आठवायला जाते आणि आठवतो तो नुसता टेप.

समोर एक शिवणकाम करणारी बाई राहते, माझ्या लेकीच्या वयाची. हे गेले तेव्हा माझ्या घरी चूल पेटत नव्हती, तर दोन्ही वेळचा डबा तिने पाठवला. परवा पाणी शिरलं तशी मी परात घेऊन तिच्याकडे गेले. तिने मशीन पलंगावर चढवलं होतं, गाद्या भिजल्या होत्या, कोणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज दोरीवर वर वर बांधले होते. ती उपसत होती, मीही उपसायला लागले. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, "काकू, तुम्ही तर रोज उभ्या राहत होत्या न तिथं. तुम्हाले दिसलं नाही का?" आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. मी म्हटलं, "जाडी पाहून राहिलो होतो वं." तिने परात बाहेर रिकामी केली आणि म्हणाली, "हो न. जाडी चांगली आहे." तो टोमणा होता का, ते मला अजून समजलं नाही.

तिच्या ओळीने तक्रार केली. उद्या महापालिकेचा इंजिनिअर येणार आहे आणि आमच्या गटाला एकच विचारणार आहे, जुना रस्ता खोदला होता की नाही. नाही म्हटलं तर हा रस्ता तोडून ठेकेदाराला पुन्हा करावा लागेल. हो म्हटलं तर प्रकरण तिथेच संपेल. काल भाऊजी आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, लक्षात नाही म्हणा."

"लक्षात कसं नाही? आपण दोघंही तिथंच होतो न."

"तेच तर म्हणून राहिलो. काम समाधानकारक म्हणून सही कोणाची आहे? आपली. ठेकेदार सांगन, यांनीच खोदू दिला नाही. आणि तो खोटं बोलन का? मग पुढच्या कामाले झोन ऑफिसात आपल्याले कोण उभं करन?"

ते वाईट माणूस नाहीत, माय. त्या दिव्यांसाठी त्यांनी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलं आहे. चांगला, मजबूत रस्ता फोडायचा, त्यावर पुन्हा खर्च व्हायचा, आमची ओळ महिनाभर धूळ खात शिव्या देणार, आणि असला खर्च होऊ नये म्हणून तर आम्ही उभे राहिलो होतो. हे सगळं मला पटतं. मग त्या ओल्या गाद्या आठवतात आणि काहीच पटत नाही.

तुला तो नळाची चावी फिरवणारा माणूस आठवतो? तो घाईने आपली चावी बंद करून मागच्या गल्लीची उघडायला निघून जायचा आणि आपल्या गल्लीच्या घागरी अर्ध्या राहायच्या. तू भांडली नाहीस. त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवायचीस, "बस न गा भाऊ, चहा तर पी," आणि दूध मुद्दाम उशिरा टाकायचीस. तो बशीत फुंकर घालत बसायचा तोवर बाहेर नळ चालू. सगळी गल्ली तुला मानायची. मग एक दिवस मागच्या गल्लीतली बाई रिकामी घागर घेऊन आपल्या दारात आली. "तुह्या चहापायी आमचा नळ येत नाही वं बाई! काहून पाजतं त्याले एवढा चहा?" मी फिदीफिदी हसले, तर तू माझ्यावर डोळे वटारलेस. "हसू नको. तिच्या घरीबी लेकरं आहेत." दुसऱ्या दिवशी मी सुट्टीला काटोलला मावशीकडे गेले. परत आले तेव्हा चावीवाला चहाला येत नव्हता, आपल्या घागरी भरत होत्या आणि ती बाई तुझ्याशेजारी बसून तांदूळ निवडत होती. मधल्या दिवसांत तू काय केलंस, माय? कोणाकडे गेलीस, काय बोललीस? तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही. आज तेवढंच हवं आहे.

हे सगळं तुला लिहिते आहे, पण लिहिताना मान वर केली की खिडकीतून समोरचा ओटा दिसतो. तिने गाद्या उन्हात टाकल्या आहेत आणि ती त्या उलट्या करते आहे. रस्ता खोदला नव्हता, मी तिथे होते, आणि धूळ होणार नाही म्हणून मला बरं वाटलं होतं, हे सांगायचं आहे ते तिला. तिला सांगता आलं तर उद्या इंजिनिअरपुढेही कदाचित तोंड उघडेल. रस्ता तोडा म्हणायचं की राहू द्या म्हणायचं, ते तर त्याच्याही पुढचं, आणि ते मला अजिबात माहीत नाही. तिच्या दारापर्यंत जायला फक्त रस्ता ओलांडायचा आहे. दुपारपासून मी चप्पल घालून बसले आहे. तुला आधी सांगितलं, कारण तू उलट काही विचारत नाहीस.