बाईच्या आवाजाचं बटण

॥ श्री ॥
रोहा, १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. गेल्या रविवारपासून मी फोन उचलत नाही म्हणून तू फुगली असशील, तर कारण ऐक. यांच्या फोनमध्ये जागा उरलेली नाही, त्यामुळे कराओकेचे ट्रॅक माझ्या फोनवरून वाजतात आणि माझा फोन दिवसभर त्या चाकांच्या मोठ्या स्पीकरला जोडलेला असतो. त्या दिवशी गाणं ऐन रंगात आलेलं. मध्येच ट्रॅक थांबला आणि खिडक्यांच्या काचा हलवत तुझा आवाज आला, की ताई, भावोजींचं रेकणं संपलं असेल तर दोन शब्द बोलू का. समोर यांचे कंपनीतले पाच मित्र बसलेले. त्यातल्या हैबतरावांनी पाणी मागितलं. रात्री जेवताना यांनी मला विचारलं की नूतनने कधी नीट ऐकलंय का मला. म्हणून आता तुझ्याशी कागदावरच बोलायचं ठरवलंय. कागद स्पीकरला जोडता येत नाही.

तुला वाटेल ताईची चैन आहे. ऐक जरा. हे नागोठण्याच्या कंपनीतून निवृत्त झाले, दोन महिने कुंड्यांमध्ये माती कालवली आणि मग हे खूळ शिरलं. यात गाण्यातली नुसती वाजंत्री मिळते, शब्द आपण म्हणायचे. रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक. या पाच जणांपैकी एकही आपली बायको आणत नाही, आणि गाणी मात्र सगळ्यांना जोडीची हवीत. मग बाईचा भाग कोण म्हणणार? घरात बाई एकच आहे. पाचही जणांची हिरॉइन मीच, आणि चहाही मीच करते.

पूर्वी हे शिफ्टला गेले की घर माझं असायचं. आता न्हाणीघरात गेलं तरी भिंतीतून तो स्पीकर घुमतो. तक्रार तरी कुठे करू? शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस गो शकू, नवरा हातात माइक देतो. दारू पिणाऱ्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकायला गल्ली गोळा होते, गाणाऱ्या नवऱ्याची कोण ऐकणार?

आणि पाडवा जवळ येतोय. पेणच्या बाजारात आपलं पापड-मिरगुंडांचं दुकान, तू आणि मी अर्ध्या भागीत, हे दिवाळीलाच ठरलं. मी आठवड्यातले चार दिवस तुझ्याकडे राहायचं, हेही ठरलं. नूतन, मी यांना अजून सांगितलेलंच नाही. तोंड उघडते, तेवढ्यात पुढे माइक येतो.

आता हे मिक्सर घेणार आहेत आणि तुझ्या लेकाला, जितेशला विचारणार आहेत, त्याचा साउंडचाच धंदा म्हणून. पुरुषाचा आवाज बाईचा करून देणारं काहीतरी मिळतं असं मी ऐकलंय. असेल तर तेच यांच्या गळ्यात मारायला सांग. माझी गाणी हैबतराव म्हणतील आणि मी तिकडे पापड लाटीन.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे, आणि फोन तेवढा करू नकोस.

तुझी,
शकूताई

---

॥ श्री ॥
पेण, २१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शकूताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग हसल्याची लाज वाटली. भावोजींना सांग, मी रेकणं म्हणाले नव्हते, रंगणं म्हणाले होते. त्यांचा विश्वास बसणार नाही, पण सांग.

जितेशला विचारलं. आधी त्याने मलाच अर्धा तास शिकवलं. मिक्सर म्हणजे माइक, गाण्याचा ट्रॅक, सगळ्यांचे आवाज एकत्र करणारी पाटी. प्रत्येक माइकला आपापली बटणं, कोणाला वर घ्यायचं, कोणाला खाली ठेवायचं. काही मिक्सरमध्ये इफेक्ट आतच असतात, काहींना वेगळी डबी लावावी लागते. रिव्हर्ब लावला की देवळाच्या सभामंडपात गायल्यासारखं वाटतं, आणि इको लावला की बोललेलं पुन्हा पुन्हा परत येतं. तो म्हणाला, काकांच्या आत्ताच्या स्पीकरला एकच बटण हाय, ते फिरवलं की सगळे एकदम विहिरीत पडतात. त्यांना निदान प्रत्येक माइकचा इको वेगळा ठेवता येईल असा मिक्सर पायजे.

तुझं ते बटण खरोखर असतं. एक छोटी डबी येते, तिच्यावर बाप्याचा, बाईचा आणि बाळाचा आवाज निघतो. लग्नाच्या हळदीला पोरं मजा करायला वापरतात. जितेश म्हणाला, मावशीसाठी मिक्सरबरोबर तीपण घेऊन येतो, पण आवाज खरा वाटंल अशी आशा ठेवू नको.

पण ताई, मला एक कळत नाही. एवढी डबी शोधण्यापेक्षा तू सरळ नाय म्हण की. लहानपणी आई तुझ्या पानात कारलं वाढायची तेव्हाही तू गुपचूप माझ्या पानात सरकवायचीस. या वेळी कारलं मला खाता येणार नाही. दुकानाला दोन माणसं लागतात. माझी नणंद सुरभी आत्ताच मागे लागलीये की ताई येणार नसतील तर मला घे. मी तिला पाडव्याच्या आधी सांगते म्हणालेय.

सर्वांना नमस्कार. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो कोणाला देऊ नकोस.

तुझी,
नूतन

---

॥ श्री ॥
रोहा, २५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. आ. वि. वि.

शकू हल्ली पत्रं लिहायला बसते, ते बघून मलाही हुक्की आली. शिवाय फोनवर तू माझ्याबद्दल काय बोलतेस ते आता आमच्या सगळ्या ग्रुपला ठाऊक आहे. मी रागावलेलो नाही. थोडा रागावलो होतो.

चि. जितेशला सांग, काकांना मिक्सर घ्यायचाय, तू रविवारी घेऊन ये. मला इफेक्ट आतमध्येच असलेला हवा, नाहीतर वायरींचा गुंता होतो. हॉलसारखा घुमणारा आवाज आला पाहिजे. माइकची शिट्टी वाजते ती थांबली पाहिजे, हैबतराव स्पीकरच्या पुढ्यात जाऊन गातात आणि ऐकत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन माइक शेजारीशेजारी आणि तुझ्या बहिणीच्या माइकला इको भरपूर. तिचा आवाज बारीक आहे, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.

तुला म्हणून सांगतो, सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. मी घरी यायचो तेव्हा ती निजलेली, ती उठायची तेव्हा मी निजलेला. आता ती रोज तास-दोन तास माझ्या शेजारी उभी असते. मला हे फार आवडतं. तिलाही आवडत असणार, कारण एकदाही तिने कुरकुर केलेली नाही. तुझी बहीण कधी कशाला नाही म्हणत नाही, हा तिचा केवढा मोठा गुण आहे, आणि तो तुझ्यात अजिबात उतरला नाही.

साडूभाऊंना नमस्कार. राग नसावा, आणि माया वाढती ठेवावी.

तुझा भावोजी,
दिनानाथ

---

॥ श्री ॥
रोहा, ११ मार्च २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. उ. आ. वि. वि.

मिक्सर आला, डबी आली, आणि मी होते त्याहून खोल रुतले.

जितेशने सगळं छान जोडून दिलं. रंगीत खडूने खुणा केल्या, कोणतं बटण कुठपर्यंत. यांना बजावलं की बोलताना इको खाली आणायचा, गातानाच वर न्यायचा. मग ती डबी लावली आणि हैबतरावांना माझा भाग म्हणायला उभं केलं. नूतन, त्या माणसाची मिशी आठव. त्या मिशीखालून एका नवथर मुलीचा आवाज आला आणि सगळे लोळायचे बाकी राहिले. मीही हसले. मनात म्हटलं, सुटले. त्या आनंदात रव्याचे लाडू वळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी यांनी डबी काढून कपाटावर ठेवली. म्हणाले, आवाज तोंडानंतर येतो, ताल चुकतो. शिवाय डोळ्यांत डोळे घालून गायचं तर समोर हैबतराव दिसतो.

याच्या पुढचं लिहायला हात धजत नाही. मिक्सर एवढा चांगला वाजतोय म्हटल्यावर यांनी पाडव्याच्या संध्याकाळी गल्लीतल्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. सूत्रसंचालन दिनानाथ, जोडीच्या गाण्यांना साथ सौ. शकुंतला. बोर्ड लागलासुद्धा, त्यावर आमच्या दोघांचा फोटो आहे. भाजीवाली मला फोटोवरून ओळखते आणि कोथिंबीर फुकट देते. पाडव्यालाच तुझं दुकान. मी यांना सांगायला गेले, तेव्हा हे बोर्ड पुसत होते. माझ्या तोंडून निघालं की फोटो चांगला आलाय.

हे आपण भांडण-तंटा नसलेल्या घरात वाढलो त्याचं फळ असावं. मला भीती वाटते गो. सगळे प्रेमाने वागतायत आणि मला श्वास घ्यायला जागा नाही. तू काहीतरी सुचव.

लोभ राहू दे. मी काय करतेय ते मलाच कळत नाही.

तुझी,
शकूताई

---

॥ श्री ॥
पेण, १८ मार्च २०२५

ती. सौ. शकूताई हिस,
सा. न. वि. वि.

या वेळी मी काहीच सुचवणार नाही. भावोजींना सगळं लिहून कळवावं असं दोनदा मनात आलं, कागदही घेतला आणि फाडला. तुझं नाय मी म्हटलं तर ते माझंच होईल.

गाळ्याला रंग झाला. मागच्या बाजूला खिडकी आहे, तिथे दोन पाट मांडलेत. शेजारच्या विमलबाईंनी पोह्याच्या पापडांचे पहिले घाणे करून दिले, पण मिरगुंडाला तुझा हात लागतो, मला ते कधी जमलं नाही. दुसऱ्या पाटावर सध्या बरण्या ठेवल्यात. शुक्रवारी, म्हणजे अठ्ठावीसला, मी सुरभीला हो किंवा नाही सांगणार. तिलाही तिचं घर आहे, तिला किती टांगून ठेवू? तू आली नाहीस तरी माझी माया कमी होणार नाही. पण मला वाईट वाटेल, आणि ते मी लपवणार नाही.

भावोजींना नमस्कार सांग. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी मला जे पत्र लिहिलं ते वाचून तर मुळीच नाही.

तुझी,
नूतन

---

॥ श्री ॥
रोहा, २७ मार्च २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. उ. आ. वि. वि.

काल रंगीत तालीम होती. हॉलमध्ये मिक्सर मांडला होता, दारं उघडी, गल्लीतली निम्मी माणसं खुर्च्यांवर येऊन बसलेली. तुझं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी हे माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर प्रेमाने विचारलं की पाडव्याला माझ्या कुडत्याला जुळणारी मोरपंखी साडी नेसशील ना.

माइक माझ्या हातात होता. मी नेहमीसारखं व्हय म्हणायला तोंड उघडलं आणि आतून नाय आलं. मी अगदी हळू म्हटलं. पण यांनीच माझ्या माइकला इको भरपूर ठेवलेला. ते नाय समोरच्या भिंतीपर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं, दारातून बाहेर पडलं. साऱ्या जन्मात एकदा म्हटलं, ते चार-पाचदा ऐकू आलं. हैबतरावांना वाटलं गाणं सुरू झालं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

यांना आधी वाटलं माइक बिघडला. त्यांनी त्यावर बोट आपटून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मिक्सरपाशी गेले, जितेशने खूण केलेलं माझ्या इकोचं बटण पार खाली आणलं आणि मला म्हणाले की पुन्हा सांग.

नूतन, इको होता तोवर आवाज यंत्राचा होता असं म्हणता आलं असतं. आता नुसती मी होते. मी साध्या आवाजात सांगितलं की नाय. साडी नाय नेसणार, पाडव्याला मी इथे नसेन, पेणला माझं दुकान आहे. माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. पोचत नाही असं कोण म्हणतं?

घरी येईपर्यंत हे दहा पावलं पुढे चालत होते. मला वाटलं रागावले. मग ओट्यापाशी येऊन म्हणाले की मला वाटायचं तुला आवडतं. मी म्हटलं, एखाद्या दिवशी एखादं गाणं आवडतं. रोज आणि पाच जणांबरोबर नाही. त्यांना वाईट वाटलं, डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. बोर्डावरच्या माझ्या नावावर आज सकाळी त्यांनी स्वतः कागद चिकटवला, वाकडाच चिकटवला. जोडीची गाणी हैबतराव म्हणणार आहेत. डबी कपाटावरून खाली आली. संध्याकाळी कोणीतरी चहाची आठवण काढली, तर मी पिशवी भरत बसले आणि हे उठले. साखर कुठे आहे ते विचारलं, एवढंच.

परत कधी येणार, तेही विचारलं. ठरल्याप्रमाणे चार दिवस तिकडे, तीन इकडे, असं सांगितलं. आणि इकडे असताना एक गाणं म्हणेन, पण कोणतं ते मी ठरवणार.

उद्या सकाळच्या एसटीने निघतेय. सुरभीला नाही सांग आणि त्या पाटावरच्या बरण्या उचल, हे मी आल्या आल्या तोंडानेच सांगेन. हे पत्र पेटीत टाकून मगच गाडीत बसेन, म्हणजे ते माझ्यामागून तुझ्या घरी पोचेल. पोस्टमन आला की तू उठू नकोस, तुझे हात पिठाचे असतील. दार मी उघडीन.

तुझी,
शकू