चाक अर्ध्या गाडीपर्यंत

रविवार, रेस संपल्यावर
कोपरखैरणे

टीव्हीवर रेस बघताना आज दादाशी वाजलं. ओव्हरटेक करायला मागची गाडी वळणावर आतून घुसली, पुढच्याने बघितलंच नाही, दोघेही रेसबाहेर. दादा म्हणाला, "चूक मागच्याची. ब्रेक मारायचा ना!" मी म्हटलं, "त्याचं पुढचं चाक अर्ध्या गाडीपर्यंत आलं होतं. पुढच्याने आरशात बघायला नको?" रिप्ले तीनदा बघितला. चाक अर्ध्यापर्यंत होतंच.

मग दादाने सहज विचारलं, "परवा सोसायटीच्या गेटवर तू गाडी वळवलीस आणि सावंतांची स्कूटर घासली. तिचं चाक कुठे होतं रे?"

अर्ध्या गाडीपर्यंत. आरशात मी बघितलं होतं का? नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र मी सावंतांना लिहिलं होतं, "ब्रेक मारायचा ना!" सावंतांनी तिथेच माफी मागितली. मी त्यावर अंगठा टाकला.